सेकंड हँड लक्झरी फोर बाय फोर घ्यायचीय? खर्च, तपासणी आणि कागदपत्रांची पूर्ण माहिती

जुन्या गाड्यांचं कुठलंही ॲप उघडा, एक गोष्ट हमखास दिसते. नव्या साध्या एसयूव्हीच्या किमतीत सात-आठ वर्षं जुनी लँड रोव्हर, ऑडी किंवा मर्सिडीज! फोटो चकाचक, खाली "सिंगल ओनर", "अर्जंट सेल" असं लिहिलेलं. मग मनात येतं, एवढ्यात हीच का घेऊ नये?

घ्यायला हरकत नाही. पण एक गोष्ट आधीच पक्की लक्षात ठेवा. वापरलेल्या गाडीची किंमत दरवर्षी उतरते, तिच्या सुट्या भागांची किंमत मात्र उतरत नाही. ८० लाखांची गाडी तुम्हाला २० लाखांत मिळाली, तरी तिचा खर्च ८० लाखांच्या गाडीसारखाच येतो. या लेखात आपण ही गाडी नक्की काय असते, स्वस्त का मिळते आणि घेण्याआधी काय तपासायचं, हे सगळं सोप्या भाषेत बघणार आहोत.

फोर बाय फोर म्हणजे नक्की काय?

साध्या कारमध्ये इंजिनची ताकद दोनच चाकांना जाते. फोर बाय फोरमध्ये ती चारही चाकांना जाते. पण ती कशी जाते, यावरून तीन प्रकार पडतात.

१. पार्ट टाइम फोर व्हील ड्राइव्ह: एरवी गाडी मागच्या दोन चाकांवर चालते. चिखल, वाळू आली की ड्रायव्हर लिव्हर किंवा बटणाने फोर एच लावतो. फार अवघड चढ असेल तर फोर एल, म्हणजे लो रेंज. यात वेग कमी होतो आणि ओढण्याची ताकद वाढते. हे काम ट्रान्सफर केस नावाचा वेगळा गिअरबॉक्स करतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र हा मोड लावायचा नाही. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, या सिस्टीममध्ये ती एकमेकांना जखडलेली असतात, आणि सगळा ताण गिअर व शाफ्टवर येतो.

२. फुल टाइम फोर व्हील ड्राइव्ह: चारही चाकांना कायम ताकद मिळते. मध्ये सेंटर डिफरन्शियल असल्याने डांबरी रस्त्यावरही अडचण येत नाही. रेंज रोव्हर आणि मर्सिडीज जी क्लास या प्रकारच्या गाड्या आहेत.

३. ऑल व्हील ड्राइव्ह: गाडी बहुतेक वेळ मुख्यतः दोन चाकांवर चालते. चाक घसरलं की कॉम्प्युटर क्लचच्या मदतीने उरलेल्या दोन चाकांनाही ताकद देतो. शहरात वापरायच्या बऱ्याच लक्झरी एसयूव्हींमध्ये हीच पद्धत असते. पावसातल्या घाटासाठी उत्तम, पण गुडघाभर चिखलासाठी नाही.

इथेच अनेक जण फसतात. लक्झरी एसयूव्ही दिसायला मोठी असली म्हणून ती फोर बाय फोर असेलच असं नाही. एकाच मॉडेलचे दोन्ही प्रकार बाजारात असतात. बीएमडब्ल्यूवर एक्सड्राइव्ह लिहिलं असेल तर चार चाकं, एसड्राइव्ह असेल तर दोनच. मर्सिडीजवर फोरमॅटिक आणि ऑडीवर क्वाट्रो हे शब्द शोधा. मागचा बॅज बाजारात विकत मिळतो आणि कुणीही चिकटवू शकतो, म्हणून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये चेसिस नंबर देऊन खात्री करा.

आणखी एक गैरसमज. फोर बाय फोरमुळे गाडी पुढे जायला मदत होते, थांबायला नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांचे चारही चाकांना असतात. त्यामुळे ओल्या रस्त्यावर ही गाडीही तेवढीच घसरते, उलट वजन जास्त असल्याने सांभाळून चालवावी लागते.

थोडा इतिहास

पहिली लँड रोव्हर १९४८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या मोटार शोमध्ये आली. ती शेतकऱ्यांसाठी बनवलेली साधी, दणकट गाडी होती. १९७० मध्ये रेंज रोव्हर आली आणि शेतातही जाणारी, पण आत बसायला आरामदायी अशी गाडी लोकांना मिळाली. मर्सिडीजची जी क्लास १९७९ ची, तर ऑडीची क्वाट्रो १९८० ची.

महाराष्ट्राचं या गाड्यांशी जवळचं नातं आहे. टाटा मोटर्सने २००८ मध्ये फोर्डकडून जग्वार लँड रोव्हर विकत घेतली आणि २०११ पासून पुण्यात लँड रोव्हरची जुळणी सुरू झाली. मर्सिडीजचा कारखाना चाकणला आहे, जीप रँग्लरची जुळणी रांजणगावला होते, तर ऑडीच्या गाड्या छत्रपती संभाजीनगरला जोडल्या जातात.

जुनी लक्झरी गाडी एवढी स्वस्त का मिळते?

याचं मोठं कारण आहे टॅक्स. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हीवर ४० टक्के जीएसटी लागतो. त्याआधी २८ टक्के जीएसटी आणि २२ टक्के सेस असे मिळून ५० टक्के लागायचे. महाराष्ट्रात २० लाखांच्या वरच्या गाडीला वैयक्तिक नावावर पेट्रोलसाठी १३ टक्के आणि डिझेलसाठी १५ टक्के रोड टॅक्स आहे. कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के.

आता हिशोब करू. समजा, डिझेल गाडीची शोरूम किंमत १ कोटी आहे.

- गाडीची मूळ किंमत: सुमारे ७१ लाख ४३ हजार
- त्यावर ४० टक्के जीएसटी: सुमारे २८ लाख ५७ हजार
- रोड टॅक्स १५ टक्के: १५ लाख
- टीसीएस १ टक्का: १ लाख (हा नंतर इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये वळता होतो)

म्हणजे जीएसटी आणि रोड टॅक्स मिळूनच ४३ लाखांच्या वर जातात, विमा वेगळा. गाडी विकताना हा टॅक्स कुणी परत देत नाही. त्यात वॉरंटी संपत आलेली असते, नवीन मॉडेल आलेलं असतं आणि गिऱ्हाईक कमी असतात. म्हणून किंमत धाडकन खाली येते. पहिल्या मालकाने हा तोटा सोसलेला असतो, त्यामुळे दुसऱ्या मालकाचा खरंच फायदा होऊ शकतो. फक्त गाडीची तब्येत चांगली हवी.

दर महिन्याला किती खर्च येतो?

हप्ता: ३० लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतलं तर महिन्याचा हप्ता साधारण ६५,२०० रुपये येतो. पाच वर्षांत व्याजच ९ लाखांच्या वर जातं.

डिझेल: गाडी लिटरला ८ किलोमीटर देते आणि महिन्याला १००० किलोमीटर फिरते असं धरू. १२५ लिटर डिझेल लागेल. भाव ९० रुपये धरला तर ११,२५० रुपये.

टायर: चारही टायरची झीज सारखी असावी लागते. एक टायर नवा आणि तीन झिजलेले असले तर क्लच आणि डिफरन्शियलवर कायम ताण येतो. म्हणून एक फाटला की बऱ्याचदा जोडी किंवा पूर्ण सेट बदलावा लागतो.

एअर सस्पेन्शन: स्प्रिंगच्या जागी हवेच्या रबरी पिशव्या असतात. मऊ चालते, उंची कमी-जास्त होते. पण वय झालं की पिशवी गळते, मग कॉम्प्रेसर जास्त चालून तोही जातो.

म्हणून घेताना सगळे पैसे गाडीतच घालू नका. बजेट २५ लाख असेल तर २० लाखांपर्यंतची गाडी बघा आणि ५ लाख दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा.

घेण्याआधी मोबाईलवर काय तपासायचं?

- एमपरिवहन ॲप किंवा परिवहनच्या वेबसाइटवर गाडीचा नंबर टाका. नोंदणीची तारीख, इंधन, विमा आणि पीयूसीची मुदत दिसते.
- गाडीवर कर्ज आहे का ते बघा. कर्ज फिटलेलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ मागा.
- ई-चलानच्या साइटवर थकलेले दंड तपासा.
- ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर स्टीअरिंगखालच्या सॉकेटला लावून मोबाईलवर एरर कोड वाचता येतात. पण साधा स्कॅनर मुख्यतः इंजिनच दाखवतो. एअर सस्पेन्शन आणि गिअरबॉक्ससाठी त्या कंपनीला चालणारा मोठा स्कॅनर लागतो. हजार-दोन हजारांच्या स्कॅनरवर विसंबून लाखोंचा निर्णय घेऊ नका.

प्रत्यक्ष बघताना

- गाडी थंड असताना जा. मालकाने आधीच सुरू करून ठेवली असेल तर थांबा किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी या.
- गाडी सर्वात वरच्या उंचीवर नेऊन बंद करा. तासाभराने एक कोपरा खाली बसला असेल तर हवा गळते आहे.
- मोकळ्या जागेत स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू फिरा. खडखड, कटकट असा आवाज येता कामा नये.
- लो रेंज, डिफ लॉक असेल तर लावून बघा. कित्येक मालकांनी ते कधीच वापरलेलं नसतं आणि न वापरल्यानेही ते अडकतं.
- पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी ओळखायला शिका. २०१९ ला कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ ला चिपळूणला महापूर आला, मुंबईत तर पाणी साचणं नेहमीचंच. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून मातीची रेघ दिसते का बघा. सीटखालचे नट गंजलेत का, कार्पेटखाली कुबट वास येतो का, तेही बघा. अशा गाडीचं वायरिंग आज चालतं, उद्या सांगता येत नाही.
- सर्व्हिस हिस्टरी सर्व्हिस सेंटरकडूनच काढून घ्या. मालकाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

दुसऱ्या राज्यातली गाडी घेताना

दिल्ली परिसरात १० वर्षांच्या पुढच्या डिझेल गाड्यांवर बरीच वर्षं निर्बंध राहिले. त्यामुळे तिकडून मोठ्या डिझेल गाड्या कमी भावात इतर राज्यांत येतात. पण स्वस्त किंमत बघून थांबू नका. मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८ लागतो. १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली तर कायद्याने तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. गाडीच्या वयानुसार महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरावा लागतो, तो हिशोबात धरा. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. आरसी तुमच्या नावावर होईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका.

विमा आणि ॲप विसरू नका

गाडी नावावर झाली की १४ दिवसांच्या आत विमाही नावावर करून घ्या. नाहीतर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकू शकतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याकडेच राहतो. इंजिन प्रोटेक्ट हे ॲड ऑन मिळत असेल तर घ्या. कारण पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करून इंजिन खराब झालं, तर साध्या पॉलिसीत ते सहसा धरत नाहीत.

या गाड्या मोबाईल ॲपला जोडलेल्या असतात. जुन्या मालकाचं अकाउंट तसंच राहिलं तर गाडी कुठे उभी आहे ते त्याला दिसू शकतं, काही गाड्यांत दरवाजेही उघडता येतात. म्हणून व्यवहाराच्या दिवशीच त्याच्यासमोर अकाउंट काढायला लावा आणि सिस्टीम फॅक्टरी रिसेट करा. दोन्ही चाव्या ताब्यात घ्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न: फोर बाय फोर बीचवर नेता येते का?
उत्तर: नेऊ नका. गोव्यात किनाऱ्यावर गाडी चालवणं गुन्हा आहे, महाराष्ट्रातही पोलीस कारवाई करतात. शिवाय खाऱ्या पाण्याने खालचा सगळा भाग गंजतो.

प्रश्न: मोठे टायर, बुल बार लावले तर चालतं का?
उत्तर: बुल बारवर केंद्र सरकारने २०१७ मध्येच बंदी घातली. कंपनीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे.

प्रश्न: पाण्यातून किती खोल नेता येते?
उत्तर: प्रत्येक मॉडेलची मर्यादा वेगळी. एअर सस्पेन्शनवाल्या नव्या डिफेंडरची ९०० मिलिमीटर आहे. पण ही मर्यादा शांत पाण्याची असते. वाहत्या ओढ्यात त्याहून कमी पाणीही गाडी वाहून नेतं.

प्रश्न: बंद पडली तर टो कशी करायची?
उत्तर: चारही चाकं वर घेणारी फ्लॅटबेड गाडीच बोलवा. दोन चाकं रस्त्यावर ठेवून ओढली तर ट्रान्सफर केस खराब होऊ शकते.

शेवटी काय करायचं?

स्वतःला दोन प्रश्न विचारा. वर्षातून किती वेळा मला खरंच चार चाकांची गरज पडते? आणि उद्या अचानक दोन-तीन लाखांचं काम निघालं तर हप्ता न थकवता मी ते करू शकतो का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असेल तर थोडं थांबा, किंवा साधी फोर बाय फोर बघा. डोंगरात महिंद्रा थारही जाते आणि तिचे पार्ट तालुक्याच्या गावीसुद्धा मिळतात. उत्तर "हो" असेल, गाडी तपासलेली असेल आणि कागद स्वच्छ असतील, तर दुसऱ्या मालकाला कमी पैशात खूप चांगली गाडी मिळते.

माहिती उपयोगी वाटली तर गाडी घ्यायच्या तयारीत असलेल्या मित्राला नक्की पाठवा. काही शंका असेल तर खाली विचारा.