कल्याणकारी राज्य, ब्रिटनमधील
जन्मापासून मृत्यूपर्यंत नागरिकांना किमान सुरक्षिततेची हमी देणारी शासनव्यवस्था. १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्या गरीब वृद्धांना टपाल कचेरीत आठवड्याला कमाल ५ शिलिंग निवृत्तिवेतन मिळू लागले. पुढची आखणी विल्यम बेव्हरिज यांच्या १९४२ च्या अहवालाने केली. ५ जुलै १९४८ रोजी मोफत राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि चष्म्या-कवळ्यांसाठी झुंबड उडाली. १९५१ मध्ये, कोरियन युद्धामुळे शस्त्रखर्च वाढताच, त्यांवर शुल्क बसले. सेवेचे शिल्पकार अनायरिन बेव्हन यांनी निषेधार्थ मंत्रिपद सोडले. मोफत सेवेच्या तत्त्वाला पहिला तडा इतक्या लवकर गेला, हे सहसा विसरले जाते. आज या सेवेतील शस्त्रक्रियांच्या लांबलचक प्रतीक्षायादीची चर्चा अधिक होते. खरा पेच मात्र वृद्धांच्या रोजच्या देखभालीचा आहे. इंग्लंडमध्ये ती सर्वांना मोफत नाही. त्यापायी काहींना राहते घर विकावे लागते.