कर्ण : प्रतिनायकाची माध्यमांतरे

महाभारतातील एक प्रमुख योद्धा, अंगदेशाचा राजा व दानशूरतेचा आदर्श म्हणून प्रसिद्ध असलेली व्यक्तिरेखा. कुंतीला विवाहापूर्वी सूर्यापासून झालेला व नदीत सोडून दिलेला हा पुत्र अधिरथ नावाच्या सूताने आणि त्याची पत्नी राधा हिने वाढविला. म्हणून त्यास राधेय व सूतपुत्र ही नावे मिळाली. मूळ महाकाव्यात तो पांडवांच्या शत्रुपक्षातील वीर असला, तरी नाटक, चित्रपट, कादंबरी, चित्रकथा व दूरचित्रवाणी या माध्यमांतून त्याचे स्थान क्रमाने बदलत गेले. या स्थित्यंतरात कोल्हापूर व त्याच्या परिसरातील कलावंत-लेखकांचा वाटा मोठा आहे. माध्यम बदलले की व्यक्तिरेखेतील काय टिकते व काय गळून पडते, हे अभ्यासण्यास कर्णाइतके उपयुक्त उदाहरण मराठी सांस्कृतिक इतिहासात क्वचितच आढळते.

संज्ञा : संस्कृत नाट्यशास्त्रात प्रतिनायक म्हणजे नायकाचा प्रतिस्पर्धी. धनंजयाच्या दशरूपक (दहावे शतक) या ग्रंथात तो लोभी, उद्धत, हटवादी, पापाचरणी व व्यसनी असा वर्णिला आहे. आधुनिक समीक्षेत मात्र हीच संज्ञा निराळ्या अर्थाने वापरली जाते. नायकाचे पारंपरिक गुण अपुरे असलेला, सदोष, समाजाशी फटकून वागणारा, तरीही वाचकाची सहानुभूती ओढून घेणारा असा कथेचा केंद्रपुरुष त्या अर्थी प्रतिनायक होय. कर्णाचा प्रवास पहिल्या अर्थाकडून दुसऱ्या अर्थाकडे झाला. पुढे काही कलाकृतींत तर त्याच्यातील दोष जवळजवळ पुसले जाऊन तो निखळ नायकच बनला.

महाकाव्यातील कर्ण : महाभारतात कर्णाचे चित्र एकरंगी नाही. शस्त्रविद्येच्या प्रदर्शनात कुळाविषयी विचारणा होताच त्याची मान खाली जाते आणि दुर्योधन त्याला तेथेच अंगदेशाचे राज्य देतो. इंद्र ब्राह्मणवेषाने आला असता, सूर्याने आधी सावध करूनही तो जन्मजात कवचकुंडले कापून देतो. जन्मरहस्य कळल्यावरही दुर्योधनाची साथ सोडण्यास तो नकार देतो आणि अर्जुनाव्यतिरिक्त चार पांडवांना न मारण्याचे वचन कुंतीस देतो. ही त्याची उजळ बाजू होय.

दुसरी बाजूही तितकीच ठसठशीत आहे. द्यूतसभेत विकर्णाने द्रौपदीची बाजू मांडली, तेव्हा त्याचे खंडन कर्णच करतो. द्रौपदीस अपशब्द वापरून पांडवांची व तिची वस्त्रे काढून घेण्यास दुःशासनाला तोच सांगतो. घोषयात्रेत गंधर्वांपुढून तो माघार घेतो, विराटनगरीच्या युद्धात अर्जुनाकडून पराभूत होतो आणि अभिमन्यूला अनेकांनी मिळून मारले, त्यांत त्याचाही हात असतो. याला जोडूनच एक महत्त्वाची गोष्ट महाकाव्य सांगते. उद्योगपर्वात कृष्णाशी एकांतात बोलताना, दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून पांडवांना जे कठोर शब्द आपण बोललो, त्यांचा आपणास पश्चात्ताप होतो, अशी कबुली कर्ण स्वतःच देतो. अन्याय सोसलेला, अन्याय केलेला आणि त्याची जाणीव असलेला असा हा तिपेडी कर्ण आहे.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेल्या व १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीमुळे आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. ‘सूतपुत्राला मी वरणार नाही’ असे द्रौपदी स्वयंवरात म्हणते, हा लोकप्रिय प्रसंग काही हस्तलिखितांतच आढळतो. चिकित्सक संहितेत त्याला स्थान नाही. उलट कर्ण, शल्य इत्यादींना ते धनुष्य वाकविता आले नाही, असा उल्लेख तेथे आहे. कर्णाच्या आधुनिक चित्रणाचा मोठा भाग ज्या प्रसंगावर उभा आहे, तो प्रसंग अशा रीतीने उत्तरकालीन ठरतो.

प्राचीन व मध्ययुगीन रूपांतरे : माध्यमानुसार कर्णाची पुनर्रचना करण्याची प्रथा जुनी आहे. भासाच्या नावावर असलेले कर्णभार हे एकांकी नाटक त्रिवेंद्रम येथे टी. गणपतिशास्त्री यांनी प्रकाशात आणले. कवचकुंडलांचे दान महाकाव्यात वनपर्वात, म्हणजे युद्धाच्या बरेच आधी येते. नाटककाराने ते रणभूमीच्या वाटेवर आणले. रंगमंचावरील अल्प अवधीत शाप, दान व मृत्यूची छाया एकत्र आल्याने करुणरस उत्कट होतो आणि सभापर्वातील कर्ण दृष्टिआड होतो. कन्नड महाकवी पंप (दहावे शतक) याच्या विक्रमार्जुनविजय या काव्याचा नायक अर्जुन असूनही त्याने कर्णाची स्वामिनिष्ठा आदराने गौरविली आहे. मराठीत मुक्तेश्वर, मोरोपंत व श्रीधर यांच्या भारतकथांनी आणि कीर्तन-पुराणांनी ‘दानशूर कर्ण’ घरोघर पोहोचविला. मरणासन्न कर्णाने आपला सोन्याचा दात पाडून याचकाला दिला, ही मूळ महाकाव्यात नसलेली लोककथाही याच परंपरेतून रुळली.

कोल्हापूर व चित्रपट : बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२० मध्ये सैरंध्री या मूकपटाद्वारे कोल्हापुरात महाभारतकथा पडद्यावर आणली. त्यानंतर सुमारे दोन तपांनी भालजी पेंढारकर यांनी महारथी कर्ण (१९४४) हा हिंदी बोलपट दिग्दर्शित केला. त्यात कर्णाची भूमिका पृथ्वीराज कपूर यांनी केली होती. दुर्गा खोटे व शाहू मोडक यांच्याही भूमिका होत्या. कर्णकथेच्या दृष्टीने या चित्रपटाचे महत्त्व असे, की शत्रुपक्षातील वीराचे नाव येथे शीर्षकात आले आणि कथेचा केंद्रबिंदू बदलला. प्रमुख नटाच्या देहयष्टीला, आवाजाला व मुद्रेला चित्रपट मोठा अवकाश देतो. ज्या पात्राची मुद्रा प्रेक्षक जवळून पाहतो, त्याच्याशी त्याचे नाते जडते. भालजींनी पुढे वाल्मीकी (१९४६) या चित्रपटातही पृथ्वीराज कपूर यांनाच प्रमुख भूमिका दिली. तो नायकही दोषाकडून उन्नतीकडे जाणारा होता.

चित्रपटापुढे एक तांत्रिक प्रश्नही उभा राहिला. महाकाव्यातील कवच हे शरीराचाच भाग आहे; ते देताना कर्णाला आपले अंग कापावे लागते. पडद्यावर मात्र त्याला वेशभूषेचे, म्हणजे काढता येणाऱ्या चिलखताचे रूप मिळते. दानातील शारीरिक यातना अशा वेळी अभिनय व संगीत यांतूनच सूचित करावी लागते.

याच चित्रपटपरंपरेची पुढील रूपे देशभर दिसतात. बी. आर. पंतुलू यांच्या कर्णन (१९६४) या तमिळ चित्रपटात शिवाजी गणेशन यांनी, तर दानवीरशूरकर्ण (१९७७) या तेलुगू चित्रपटात एन. टी. रामाराव यांनी कर्ण साकारला. श्याम बेनेगल यांच्या कलयुग (१९८१) मध्ये भारतकथा दोन उद्योगपती घराण्यांच्या संघर्षात रूपांतरित झाली. त्यातील कर्णसदृश पात्र पृथ्वीराज कपूर यांचे पुत्र शशी कपूर यांनी रंगविले. मणिरत्नम यांच्या दळपती (१९९१) या चित्रपटात तो गुन्हेगारी जगातील निष्ठावान मित्र झाला.

सामाजिक पार्श्वभूमी : जन्मावरून अधिकार ठरावा की कर्तृत्वावरून, हा कर्णकथेतील प्रश्न कोल्हापूरला केवळ पौराणिक नव्हता. १८९९ पासून गाजलेल्या वेदोक्त प्रकरणात प्रत्यक्ष छत्रपतींच्या धर्मविधींचा दर्जा त्यांच्या जातीच्या आधारे नाकारण्यात आला होता. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ च्या आदेशान्वये संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. मार्च १९२० मध्ये कागल जहागिरीतील माणगाव येथे झालेल्या अस्पृश्यांच्या परिषदेस ते उपस्थित होते, डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे तिचे अध्यक्ष होते. अशा प्रदेशातील वाचक-प्रेक्षकाला भर सभेत कुळ विचारला गेलेला धनुर्धर परका वाटण्याचे कारण नव्हते.

नाटक व कादंबरी : वि. वा. शिरवाडकर यांचे कौंतेय (१९५३) हे नाटक कर्णाच्या जीवनावर आधारलेले आहे. परंतु मराठी वाचकाच्या मनातील कर्ण मुख्यतः दोन कादंबऱ्यांनी घडविला आणि त्या दोन्ही कोल्हापूर जिल्ह्यातील लेखकांच्या आहेत. आजरा येथे जन्मलेले व कोल्हापुरात शिक्षक असलेले शिवाजी सावंत (१९४०–२००२) यांची मृत्युंजय ही कादंबरी १९६७ मध्ये, तर कोवाड येथील रणजित देसाई (१९२८–९२) यांची राधेय ही १९७३ मध्ये प्रसिद्ध झाली.

मृत्युंजय नऊ भागांत विभागली असून कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली व कृष्ण ही सहा पात्रे आत्मनिवेदन करतात. यांपैकी चार भाग एकट्या कर्णाचे आहेत. महाकाव्यात कर्णाची कृती आधी दिसते व तिचा हेतू क्वचितच सांगितला जातो. प्रथमपुरुषी निवेदनात हेतू आधी येतो व कृती त्याच्या प्रकाशात वाचली जाते. द्यूतसभेचा प्रसंग कादंबरीने टाळलेला नाही. परंतु स्वयंवरातील अपमानाची जखम त्यामागे असल्याने वाचक न्यायनिवाड्यापेक्षा समजुतीकडे झुकतो. महाकाव्यात आपला विवाह सूतकुळातील स्त्रियांशी झाल्याचे कर्ण सांगतो, पण त्यांचे चित्रण तेथे नाही. कादंबरीने वृषालीला व भाऊ शोण याला स्वतंत्र वाणी देऊन त्याच्याभोवती एक कुटुंब उभे केले. भारतीय ज्ञानपीठाच्या मूर्तिदेवी पुरस्काराने (१९९४) सन्मानित झालेल्या या कादंबरीचे अनेक भाषांत अनुवाद झाले. राधेय आकाराने लहान व अधिक भावगेय आहे. कर्णाला महाभारताच्या पानांपेक्षा स्वतःच्या मनात शोधावे, अशी तिची भूमिका आहे. इतिहासपुरुष वा पुराणपुरुष न राहता प्रत्येक उपेक्षित मनाचे प्रतीक, हे कर्णाचे नवे रूप येथे पूर्ण झाले.

मृत्युंजय प्रसिद्ध झाली त्याच सुमारास इरावती कर्वे यांच्या युगान्त या ग्रंथाने कर्णाकडे चिकित्सक दृष्टीने पाहिले. त्यांनी त्याच्या वैफल्याची दखल घेतली, तरी त्याच्या वर्तनातील उणिवांवर पांघरूण घातले नाही. युगान्तला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. कर्णाविषयीची समीक्षा व कर्णाविषयीचे ललित लेखन अशा दोन वाटा मराठीत एकाच वेळी रुंदावत होत्या. लोकमानसाने दुसरी वाट अधिक पसंत केली.

चित्रकथा व दूरचित्रवाणी : अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या अमर चित्र कथा या मालिकेत कर्णावर स्वतंत्र पुस्तिका निघाली. चित्रकथेत प्रसंग चौकटीचौकटींनी पुढे सरकतो. संवाद फुग्यांत व निवेदन चौकटीच्या कडेला मोजक्या शब्दांत बसवावे लागते. सु. बत्तीस पृष्ठांच्या मर्यादेत दोन प्रकारचे प्रसंग सहज सामावतात : नदीतील पेटी, स्पर्धेतील आव्हान, इंद्राचे दान, रुतलेले रथचक्र यांसारखी दृश्ये आणि शाप व वचन यांसारखे कथेचे सांधे. पश्चात्तापाची कबुली हे एकांतातील संभाषण आहे; त्यात पाहण्यासारखे काही घडत नसल्याने असा मजकूर या माध्यमात सहज मागे पडतो. बालवाचकांसाठीच्या मालिकेत सभेतील अपशब्दांनाही मर्यादा येतातच. याउलट सोनेरी कवच व तेजस्वी मुद्रा यांमुळे चित्रातील कर्ण पहिल्याच पानापासून नायक म्हणून ओळखू येतो.

बी. आर. चोप्रा यांच्या महाभारत या दूरदर्शन मालिकेचे ९४ भाग २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० या काळात प्रसारित झाले. पंकज धीर यांनी त्यात कर्णाची भूमिका केली. विस्तृत अवधीमुळे मालिकेला त्याच्या दोन्ही बाजू दाखविता आल्या. मात्र सूतपुत्र म्हणून स्वयंवरातील नकार तिनेही ठळक केला. एकविसाव्या शतकात सूर्यपुत्र कर्ण (२०१५–१६) या मालिकेने संपूर्ण भारतकथाच त्याच्याभोवती गुंफली. मारी सेल्वराज यांच्या कर्णन (२०२१) या तमिळ चित्रपटात कथानक पौराणिक नसून जातीय अत्याचाराविरुद्ध उभ्या राहणाऱ्या गावाचे आहे. तेथे कर्ण हे नावच प्रतिकाराचे चिन्ह ठरते. कल्की २८९८ एडी (२०२४) मध्ये भविष्यकालीन साहसकथेच्या नायकाचा संबंध त्याच्याशी जोडला गेला.

मूल्यमापन : या सर्व स्थित्यंतरांत एक सूत्र दिसते. रंगभूमीचा अल्प अवधी, चित्रपटातील प्रमुख नट, कादंबरीचे आत्मनिवेदन, चित्रकथेची चौकट या माध्यमांच्या गरजा भिन्न असल्या, तरी त्या सर्वांनी कर्णावर झालेला अन्याय मोठा केला आणि त्याने केलेला अन्याय लहान केला. यातून लाभ झाला, हे मान्य केले पाहिजे. जन्माधारित उच्चनीचतेविरुद्धची चीड जनमानसात रुजविण्यास हा कर्ण उपयोगी पडला आणि ज्यांना पुराणकथांत आपला नायक सापडत नव्हता, त्यांना तो मिळाला.

मात्र या प्रक्रियेत द्रौपदीवर दुहेरी अन्याय झाला. चिकित्सक संहितेत नसलेला नकार तिच्या तोंडी कायम राहिला आणि तिच्या अपमानाला तोच नकार कारण म्हणून पुढे करण्यात आला. स्वतः अपमानित झालेला माणूस दुसऱ्याच्या अपमानात सहभागी होऊ शकतो, ही महाभारताने दिलेली कठोर जाणीव त्यामुळे बोथट झाली. कर्णाची थोरवी त्याच्या निर्दोषत्वात नाही. आपण चुकलो हे कृष्णापुढे मान्य करून, आपल्या पक्षाचा पराभव दिसत असतानाही दिलेला शब्द पाळणे, यात ती आहे. कर्णाचे प्रत्येक नवे रूप पाहताना मूळ संहितेतील सभापर्व व उद्योगपर्व शेजारी ठेवून वाचल्यास, माध्यमाने काय दिले व काय वगळले, हे वाचकाला स्वतःच ताडून पाहता येते.