सचिन आहे ना!

एप्रिल २००० मध्ये दिल्ली पोलिसांनी हॅन्सी क्रोनिएचं सामनेनिश्चितीचं प्रकरण उघड केलं आणि क्रिकेटची अब्रू वेशीवर टांगली गेली. डिसेंबरात अझरुद्दीनवर आजन्म बंदी आली, अजय जडेजावर पाच वर्षांची. पुढे या बंदी कोर्टात टिकल्या नाहीत, पण संशय गेला नाही. तेव्हा आमच्या वडशातही लोक म्हणत, "सचिन आहे ना, मग खेळ खरा!"

नोव्हेंबर २००१ मध्ये पोर्ट एलिझाबेथला सामनाधिकारी माइक डेनेस यांनी त्याच सचिनला एका कसोटीची स्थगित बंदी सुनावली. देश पेटला. आयसीसीच्या खुलाशानुसार दोष एवढाच, की पंचांना न सांगता चेंडूवरचं गवत काढलं. रागाच्या भरात तो किती जणांनी वाचला?

सचिनचं नाव त्याच्या वागण्यानं स्वच्छ राहिलं. पण एकाच्या नावावर सगळ्या खेळाची इभ्रत तारण ठेवू नये. चौकशीतून उजळतं, ते नाव जास्त टिकतं. असो.