तापलेल्या हवेचे गणित

उष्ण भिंतीलगतची हवा वर चढते, थंड भिंतीलगतची खाली उतरते. पंखा नसतानाही बंद खोलीतील हवा फिरत राहते. यालाच नैसर्गिक अभिसरण म्हणतात. पाहावयास ही गोष्ट साधी. गणिताला मात्र ती अवघड गेली. नेहमीच्या तापमानाची हवा एक अंशाने तापली, तर तिची घनता सुमारे तीनशेव्या हिश्शानेच घटते. एवढ्याशा फरकावर सारा प्रवाह अवलंबून असतो. शिवाय उष्णता हवेला हलविते व हलणारी हवा उष्णता वाहून नेते. यास्तव दोहोंची समीकरणे एकत्रच सोडवावी लागतात.

या अडचणीतून ओबरबेक यांनी १८७९ मध्ये आणि फ्रेंच गणिती बूसिनेस्क यांनी १९०३ मध्ये वाट काढली. घनता सर्वत्र स्थिर मानावी; केवळ गुरुत्वाकर्षणाच्या पदात तिचा बदल धरावा, अशी ती युक्ती होती. तापमानातील फरक थोडा असेल, तर ती आजही चालते. आगीसारख्या शेकडो अंशांच्या फरकाला मात्र ती पुरत नाही.

याच सुमारास, १९०० मध्ये, आंरी बेनार यांनी द्रवाचा पातळ थर खालून तापवून त्यात षट्कोनी घरे उमटलेली पाहिली. १९१६ मध्ये लॉर्ड रॅले यांनी प्लावक बलाच्या आधारे त्यांची उपपत्ती मांडली. तापमानातील फरक ठराविक मर्यादा ओलांडीपर्यंत द्रव हलत नाही, हा त्यांचा सिद्धांत खरा ठरला. परंतु बेनार यांच्या उघड्या, पातळ थरातील घरांचे मुख्य कारण पृष्ठताण होते, हे पिअर्सन यांच्या १९५८ च्या विवेचनाने स्पष्ट केले. आकृती जुळली, म्हणजे कारणही जुळले, असे होत नाही.

संगणक आल्यावर हाच धोका वाढला. चुकीच्या गणनातूनही प्रवाहाचे सुबक चित्र निघू शकते. त्यासाठी कसोटी हवी होती. ऑस्ट्रेलियातील ग्रॅहम द व्हाल डेव्हिस यांनी हवेने भरलेली एक चौरस पेटी कल्पिली : एक बाजू उष्ण, समोरची थंड, वरखालच्या बाजू उष्णतारोधक. गणनाची जाळी अधिकाधिक बारीक करीत त्यांनी काढलेली उत्तरे १९८३ मध्ये प्रसिद्ध झाली. इतर संशोधकांची उत्तरेही त्यांच्याशी ताडून पाहण्यात आली. हवा निश्चल असती तर जेवढी उष्णता पेटीपार गेली असती, त्याच्या किती पट ती प्रत्यक्षात जाते, हे त्यात दिले होते. रॅले यांच्या नावाचा अंक एक हजार असता हे प्रमाण १.११८ येते, तो दहा लाख असता ८.८००.

आजही नवी गणनपद्धती बहुधा या पेटीवर पारखून घेतात. भिंतीलगतच्या पातळ थरात जाळी विरळ राहिली, की हा आकडा चुकतो. हा काटेकोरपणा केवळ हौसेचा नव्हे. वीज खंडित झाल्यावर अणुभट्टीची उष्णता काढून नेण्याचे काम काही रचनांत नैसर्गिक अभिसरणावरच सोपविलेले असते. तेथे चित्र सुबक असून भागत नाही, आकडा बरोबर असावा लागतो.