दवणा आणि कडूदवणा

चैत्र लागला की बुधवार पेठेत तांबडी जोगेश्वरीच्या परिसरात फुलवाल्यांकडे दवण्याच्या रुपेरी जुड्या दिसू लागतात. संस्कृतातला हा ‘दमनक’. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० च्या ‘धर्मसिंधू’त चैत्रातील दमनकपूजा सांगितली आहे, जोतिबाला तर दवणा विशेष प्रिय. स्त्रिया तो वेणीत गुंफतात, त्याचे तेल अत्तरात जाते.

आम्हांस मात्र योहानाचे प्रकटीकरण आठवते. आठव्या अध्यायात आकाशातून पडलेल्या ताऱ्याचे नाव मराठी बायबलात ‘कडूदवणा’ आहे. पॅलेस्टाइनची ती कडू वनस्पती दवण्याच्याच आर्टेमिसिया प्रजातीतली. भाषांतरकारांची निवड आमच्या मते अचूक. तरी प्रवचनात हा शब्द उच्चारावा, तोच समोरच्या भगिनींच्या वेण्यांतून दवण्याचा सुगंध यावा, अशी आमची पंचाईत होते.