उमेदवाराची उमेद

वडखळजवळ मुंबईकडून येणारा रस्ता फुटतो. एक फाटा अलिबागेकडे वळतो, दुसरा नागोठण्यावरून गोव्याच्या वाटेला लागतो. या मुलखात पूर्वी भातशेती, मिठागरे आणि खाडीतली मासेमारी यांवर माणसे जगत. ही कामे मुलगा बापाच्या मागे फिरून शिकत असे. पुढे डोलवीस पोलादाचा व नागोठण्यास पेट्रोरसायनांचा कारखाना आला, आणि काम शिकण्याची जागा शिवारातून फाटकाच्या आत गेली. त्या फाटकाशी आगरी तरुण येतो, कातकरी येतो, घर सांभाळून चार पैसे मिळवू पाहणारी स्त्री येते, परप्रांतीय मजूर येतो. कधी ऐकू न येणारा किंवा पायाने अधू असा माणूसही येतो. या साऱ्यांना काम शिकवावे कसे? प्रश्न आजचा आहे, पण आपल्या पूर्वसूरींना तो अनोळखी नव्हता.

शिकाऊ कामगाराला आपल्याकडे ‘उमेदवार’ हा जुना शब्द आहे. उमेद धरून आलेला, तो उमेदवार. पेणच्या आणि जवळच्या हमरापूर-जोह्याच्या गणपतीच्या कारखान्यांत ही उमेदवारी आजही पाहावयास मिळते. नवखा आधी माती मळतो, मग साचा भरतो, जोड घासतो, अंगाला रंग देतो. डोळ्यांची आखणी मात्र मुरलेल्या हाताकडेच राहते. येथे परीक्षा कागदावर नसते. ज्याचा हात जितका बसला, तितके काम त्याच्या पुढ्यात येते.

तथापि जुन्या उमेदवारीचे गुणगान करताना तिचे वैगुण्य झाकून चालणार नाही. सुताराचा हुन्नर बहुधा सुताराच्याच घरात राही आणि पोथी ब्राह्मणाच्या. ही कडी काढण्याचे श्रेय जोतीराव व सावित्रीबाई फुले यांना द्यावे लागते. 1855 साली त्यांनी पुण्यात श्रमिकांसाठी रात्रशाळा काढली. दिवसभर राबणाऱ्याला दिवसाची शाळा उघडी असून नसल्यासारखीच. त्यांनी विद्यार्थ्याला दोष दिला नाही, शाळेची वेळ बदलली.

स्त्रियांपुढे वेळेखेरीज घराचीही अडचण होती. 1909 मध्ये पुण्यात सेवासदन निघाले. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी तेथे प्रौढ स्त्रियांना व विधवांना शिक्षणाची वाट करून दिली आणि शुश्रूषेसारख्या व्यवसायाचे दार उघडले. तरुण विधवेने रुग्णालयात काम शिकावे, ही गोष्ट तेव्हाच्या समाजाला सहज पचणारी नव्हती. म्हणून केवळ वर्ग भरवून भागत नव्हते. राहण्याची सोय आणि घरच्यांचा विश्वास हीदेखील शिक्षणाचीच अंगे होती.

तिसरी अडचण अक्षराची आणि भाषेची. येथे आपल्या पेण तालुक्याचा संबंध येतो. गागोदे येथे 1895 साली जन्मलेले विनोबा भावे हे 1937 च्या वर्धा शिक्षण परिषदेने नेमलेल्या झाकिर हुसेन समितीचे एक सभासद होते. त्या समितीने हस्तव्यवसाय शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवला आणि माध्यम मातृभाषेचे मानले. ती योजना मुलांसाठी होती आणि देशभर ती रुजली नाही, हे खरे. परंतु हाताने केलेले आपल्या भाषेत समजून घ्यावे, हे तिचे सूत्र प्रौढ कामगारालाही तितकेच लागू पडते.

पुढे कायद्यानेही पाऊल टाकले. शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961 साली झाला. 1973 च्या दुरुस्तीने त्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखल्या गेल्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सर्वसाधारण व्यवसाय-प्रशिक्षणात दिव्यांगांचा समावेश करण्याची जबाबदारी शासनावर टाकली.

मात्र कायदा माणसाला फाटकाच्या आत आणतो, शिकवीत नाही. भट्टीजवळची सूचना ज्याला वाचता येत नाही, त्याची ती उणीव बोटावर किंवा जिवावर बेतू शकते. तीच सूचना चित्राने दाखवावी, मराठीत व हिंदीत सांगावी, हाती धरून करवून घ्यावी आणि मग त्याच्याकडून करून पाहावी. ऐकू न येणाऱ्याला भोंग्याऐवजी दिवा द्यावा. यात उपकार कसला? पेणच्या कारखान्यात कारागीर नवख्याचा हात पाहूनच काम देतो. तेवढी दृष्टी मोठ्या फाटकाच्या आत आली, तर वडखळच्या पोराला आपल्याच गावात परका उमेदवार म्हणून उभे राहावे लागणार नाही.