धूळपेरणी आणि ह्यूमचा प्रश्न

माझं घर यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यात. शेती कापूस-तुरीची. माझी पीएच.डी. मातीतल्या ओलाव्यावर चालू आहे, म्हणजे तत्त्वज्ञान वाचायचं तसं काही कारण नव्हतं. पण एका वर्षी बाबांनी मृगाच्या भरवशावर धूळपेरणी केली. दोन सरी आल्या, सरकी उगवली, मग पावसानं दडी मारली. दुबार पेरणीचं बियाणं उधारीवर आणावं लागलं. मी विचारलं, "पाऊस येईलच, हे कशावरून ठरवलं?" बाबा म्हणाले, "आतापर्यंत येतच आला न माय!"

या "कशावरून?" या प्रश्नातूनच अर्वाचीन पाश्चात्त्य तत्त्वज्ञान उभं राहिलं.

युरोपात त्याचं उत्तर कित्येक शतकं ठरलेलं होतं: ॲरिस्टॉटल म्हणतो म्हणून, चर्च सांगतं म्हणून. मग 1517 मध्ये ल्यूथरनं चर्चलाच आव्हान दिलं. 1543 मध्ये कोपर्निकसचा ग्रंथ छापला गेला आणि पृथ्वी विश्वाच्या मध्यावरून हलली. 1610 मध्ये गॅलिलिओला दुर्बिणीतून गुरूचे चार चंद्र दिसले. जुने जामीनदार असे एकेक करून डळमळले. आता विश्वास ठेवायचा कशावर?

फ्रान्सिस बेकननं 1620 मध्ये सांगितलं, निरीक्षण आणि प्रयोगावर. देकार्तनं 1637 मध्ये सांगितलं, आधी सगळ्यावर शंका घ्या. शंका घेणारा 'मी' मात्र उरतोच, तिथून बुद्धीनं पुढे चला. विशेष म्हणजे हे त्यानं विद्वानांच्या लॅटिनमध्ये नाही, लोकांच्या फ्रेंचमध्ये लिहिलं. पुढे जॉन लॉकनं ज्ञानाचा उगम अनुभवात शोधला. अनुभववाद आणि बुद्धिवाद ही पुस्तकातली विभागणी इथून येते.

आणि मग येतो डेव्हिड ह्यूम. 1739 मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यानं नेमकं बाबांच्या वाक्यावर बोट ठेवलं. आजवर झालं तसंच उद्या होईल, हे कशावरून? "आजवर तसंच होत आलं म्हणून" असं म्हणाल, तर जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरलं. तर्कशास्त्रात हा विगमनाचा प्रश्न. ह्यूमच्या मते हा पुरावा नाही, मनाची सवय आहे.

हे वाचून मी आधी बाबांना हसले, मग गप्प झाले. माझं मॉडेल तरी काय करतं? मागच्या तीस वर्षांच्या पावसावरूनच पुढचा अंदाज बांधतं. फरक एवढाच, की चूक किती होऊ शकते हे मला आकड्यात सांगावं लागतं.

ह्यूम पेरू नका म्हणत नाही. तो म्हणतो, पुराव्याच्या मापानं विश्वास ठेवा.

ही परंपरा आपल्यालाही परकी नाही. अकोल्याच्या शाळेत शिकलेले गोपाळ गणेश आगरकर पुढे पुण्यात मिल आणि स्पेन्सर वाचतात आणि 1888 मध्ये 'सुधारक' काढून रूढींना हाच प्रश्न विचारतात, तोही मराठीत. मिलची वैचारिक वंशावळ लॉक आणि ह्यूमपर्यंत जाते. म्हणजे हा प्रश्न आपल्या वऱ्हाडातून एकदा जाऊन आलेला आहे.

यंदा बाबांनी अर्धंच वावर धुळीत पेरलं. उरलेल्यासाठी ओल किती खोल गेली ते पाहायला मला फोन केला. मी आकडा सांगितला, तर पलीकडून लगेच प्रश्न आला, "कशावरून?"